दुसरा ब्रेक

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. खरं सांगायचं तर गाडी लोकच चालवतात, मी शेजारच्या सीटवर बसून जिवंत राहतो. आमच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा माझ्या. शिकणाऱ्याला पहिला आठवेपर्यंत मी दुसरा दाबलेला असतो. गाडी थांबली की तो मोठ्या ऐटीत माझ्याकडे बघतो आणि विचारतो, वेळेवर दाबला की नाही सर? मी हो म्हणतो. नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

या धंद्यापायी मला दोन खोडी जडल्या आहेत. एक म्हणजे माझा उजवा पाय कधी स्वस्थ बसत नाही. बायको कपात चहा ओतत असली आणि तो काठापर्यंत आला की टेबलाखाली माझा पाय फरशी दाबतो. दुसरी खोड म्हणजे महत्त्वाचं बोलणं मला गाडीतच सुचतं. जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाचं ऐकत नाही. गाडीत माणूस पट्ट्याने बांधलेला असतो आणि त्याला समोर बघावंच लागतं. घर बदलायचं ठरलं ते गाडीत. मी सिगारेट सोडायची असंही गाडीतच ठरलं, आणि त्या दिवशी बायको चालवत होती म्हणून मला फार वाद घालता आला नाही.

आमच्या मुलीला घरात टकळी म्हणतात. बोलायला लागली तेव्हापासून तिची टकळी थांबलेली नाही, एवढंच त्यामागचं कारण. शाळेतल्या प्रत्येक नाटकात ती असायची, आणि आपल्यासकट सगळ्यांचे संवाद तिला पाठ असायचे. त्यामुळे बारावी झाल्यावर तिने नाट्यशास्त्राची पदवी घ्यायची म्हटल्यावर मला काही धक्का बसला नाही. अशा वेळी बापाने आदळआपट करायची असते असा लोकांचा समज आहे. मी तर हुरळून गेलो. त्या दिवसापासून माझ्या हाताखाली जो कुणी शिकायला आला त्याला मी एका दमात सांगायचो, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरा, आरशात बघा, माझी मुलगी नटी होणार आहे. दातांच्या एक डॉक्टरीणबाई माझ्याकडे शिकतात. वळण आलं की त्या डोळे मिटून घेतात. त्यांनी तर मिटल्या डोळ्यांनीच माझं अभिनंदन केलं होतं.

अडचण एकच झाली. नाटकाची पदवी म्हणजे एक पदवी नसते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजच्या माहितीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो तर लांबलचक व्हरांड्यात तीन टेबलं मांडलेली. पहिलं अभिनयाच्या पदवीचं. तिथे चार वर्षं फक्त अभिनय, आवाज आणि शरीर, बाकी काही नाही, आणि निवडीसाठी प्रवेशाची चाचणी. तिथली मुलं अनवाणी होती आणि सगळी एकदम श्वास सोडत होती. विभागप्रमुख सरांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही श्वास कुठून घेता? मी म्हटलं, नाकातून. त्यांनी खेदाने मान हलवली. माझं मात्र तिथेच ठरलं. माणसाला श्वास घ्यायचीसुद्धा नव्याने शिकवण देतात म्हणजे शिक्षण खोलवरचं असणार.

दुसरं टेबल साध्या बी.ए.चं. नाटक हा मुख्य विषय, जोडीला इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जे हवं ते. टेबलामागचे चष्मेवाले प्राध्यापक शांत होते आणि त्यांच्यापाशी बसायला खुर्च्या होत्या. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस बायको सांभाळते, चिन्हांचे आणि नियमांचे वर्गही तीच घेते. जिथे खुर्ची आणि नियम दोन्ही मिळतात तिथून ती उठत नाही. उद्या नाटक चाललं नाही तर पोरगी शाळेत शिकवू शकेल, ऑफिसात लागू शकेल, पुढे कायदाही शिकू शकेल, असा हिशोब तिने तिथेच मांडला. मी म्हटलं, पोहायला शिकवायच्या आधीच तू बुडण्याची तयारी करतेयस. ती म्हणाली, तुम्ही गाडीला दोन ब्रेक कशाला लावलेत?

तिसऱ्या टेबलामागे कुणीच नव्हतं. ‘येतेच’ एवढं लिहिलेला कागद, काळ्या चिकटपट्टीचं एक भेंडोळं आणि थंड झालेली कॉफी. वर शिडीवर काळ्या कपड्यातल्या एक बाई दिवा लटकवत होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी खाली न बघताच फर्मावलं, अगं, ही शिडी धर जरा. टकळीने शिडी धरली. मग बराच वेळ ती दिसलीच नाही. मी शोधत आलो तेव्हाही ती शिडीच धरून उभी होती, आणि वरून बाई तिला सांगत होत्या की हा रंगमंच व्यवस्थापनाचा कोर्स. नाटक चालू असताना विंगेत बसून कोण केव्हा आत जाणार, दिवा केव्हा लागणार, पडदा केव्हा पडणार हे सगळं सांभाळायचं. खुर्चीचे चारही पाय कुठे टेकतात तेसुद्धा जमिनीवर पट्टी चिकटवून ठरवायचं. टकळी तोंडातून अवाक्षर न काढता ऐकत होती. मी हे विशेष म्हणून सांगतो, कारण तिला गप्प बसलेली मी तोवर फक्त झोपेत पाहिली होती.

मी तिला हाताला धरून पहिल्या टेबलाकडे परत आणलं. धरायला शिडी घरातही आहे, असं काहीतरी मी बोललो असेन.

मग चाचणीची तयारी सुरू झाली. एक स्वगत पाठ करून सादर करायचं होतं. टकळीकडे परवाना होता, पण आमच्या गाडीत मी शेजारी असल्याशिवाय कुणी चालवत नाही असा माझा दंडक आहे. म्हणून रोज शेवटचा विद्यार्थी उतरला की ती स्टेअरिंगवर बसायची आणि आम्ही तालीम करायचो. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं मी सांगायचो. नाटकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कुठे थांबायचं ते मला कळतं. बायको म्हणायची, नाटक उभं राहून करतात. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

त्याचं फळ चाचणीच्या दिवशी मिळालं. पालकांना सभागृहात शेवटच्या रांगेत बसायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. ऑफिस बंद ठेवायचं नाही म्हणून बायको आली नव्हती. टकळीचं नाव पुकारलं, ती आली, उभी राहिली, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी तिने मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. मग दोन पावलं. परत थांबली, परत दुसऱ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मला घाम फुटला. बाजू बदलण्याआधी मागून कुणी येत नाही ना हे बघायला मीच तिला शिकवलंय. सगळं स्वगत ती अशीच बोलली, दर वळणाला मागे बघत. संपल्यावर विभागप्रमुख सर म्हणाले की स्वगतातल्या बाईचा सतत काहीतरी पाठलाग करतंय हे तू फार छान दाखवलंस. माझा जीव भांड्यात पडला.

पुढची फेरी जोडीने होती. टकळीच्या जोडीला एक उंच मुलगी आली. चेहरा असा देखणा की दिवा तिच्यावरच पडावा. दोन बहिणी, आई गेल्यानंतर भांड्यांची वाटणी करतायत, असा प्रवेश. पाठ करायला थोडकाच वेळ दिला होता. सुरुवात झकास झाली. टकळी बोलू लागली आणि खरं सांगतो, मी रस्ता विसरलो. आणि ऐन रंगात आलं असताना ती उंच मुलगी थांबली. डोळे विस्फारले, ओठ हलेनात. माझ्या विद्यार्थ्यांचा चौकात असाच पुतळा होतो, मला तो चेहरा तोंडपाठ आहे.

टकळीने तिचा हात धरला आणि त्याच सुरात म्हणाली, "मला माहितीय, मोठं पातेलं तुला हवंय आणि तुझ्याच्याने मागवत नाहीये." उंच मुलगी सावरली. पुढे परत अडली, टकळीने परत हळूच वाट काढून दिली. तिसऱ्यांदा तर टकळीने आपलं सगळ्यात चांगलं वाक्य प्रश्न करून तिच्या तोंडात घातलं. शेवटी ती उंच मुलगी पातेलं छातीशी धरून अशी काही रडली की शेवटच्या रांगेतल्या बायाही रुमाल शोधू लागल्या. टाळ्या पडल्या. सगळ्या तिलाच.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुलगी आपली, संधी आपली, आणि ही बसली दुसऱ्याची गाडी सांभाळत. मी हाताची घडी घालून निकालाची वाट बघत बसलो.

निकाल दुपारी लागला. अभिनयाला दोघींचीही निवड झाली होती. मी फोन करायला खिशात हात घालतोय तोवर त्या काळ्या कपड्यातल्या बाई किल्ल्या खुळखुळवत आल्या. त्या विंगेतून बघत होत्या म्हणे. त्यांनी टकळीला विचारलं, हे तू कुठे शिकलीस? टकळी म्हणाली, गाडीत. बाईंनी पुढे काही न विचारता सांगून टाकलं की त्यांच्या कोर्सला एकच जागा उरली आहे आणि ती त्यांना हिला द्यायची आहे. दोन्हींपैकी काय ते आज ऑफिस बंद व्हायच्या आत कळव. एकदा लिहिलं की बदलता यायचं नाही.

मी बायकोला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या बाईंच्या कोर्सने नोकरी लागते का? मी म्हटलं, लागते म्हणे, पडदा पाडणारा माणूस सगळ्यांनाच लागतो. मग भांडताय कशाला, असं म्हणून तिने फोन ठेवला. भांडण अजून सुरूही झालं नव्हतं.

आम्ही गाडीत बसलो. टकळी चालवायला, मी शेजारी. कॉलेजच्या मागच्या बाजूला गोदामांचा लांब सरळ रस्ता आहे, तिथे दुपारी एखाददुसरा ट्रक सोडला तर चिटपाखरू नसतं. मी बोलायला सुरुवात केली. चार वर्षांनी ती कशी दिसेल, तिचा फोटो कसा लागेल, माझे विद्यार्थी कसे रांगेत उभे राहतील, सगळं सांगितलं. ती समोर बघून चालवत होती.

"बाबा, मी त्या बाईंचा कोर्स घेणार आहे."

गाडी गचकन थांबली. आम्ही दोघंही पट्ट्यात पुढे आलो. मागच्या ट्रकने कचकन ब्रेक मारून कर्कश हॉर्न दिला. टकळीने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"समोर कुणी नव्हतं," ती म्हणाली.

खरंच नव्हतं. आजवर मी हजारदा तो ब्रेक दाबला असेन. भिंतीसाठी, म्हशीसाठी, सायकलवाल्यासाठी, एकदा तर दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतःच्याच दवाखान्यात गाडी घालत होत्या म्हणून. मोकळ्या रस्त्यावर मी तो कधी दाबला नव्हता. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की विनाकारण ब्रेक मारणारा माणूस मागच्याचा जीव घेतो.

ट्रकवाला उतरून खिडकीशी आला. गाडीवरची ‘शिकाऊ’ची पाटी बघून त्याचा राग निम्मा उतरला होता. त्याने विचारलं, शिकतंय कोण?

"आज हे शिकतायत," टकळी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. त्याने माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं, सावकाश शिका काका म्हणाला आणि निघून गेला.

तिने गाडी कडेला घेतली. मी तिला सांगितलं की अगं, तू चांगलं काम करतेस, मी रस्ता विसरलो होतो. स्टेजवर भीती वाटते का? ती म्हणाली, अजिबात नाही, मजा येते. "पण त्या मुलीचं वाक्य अडकलं ना बाबा, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी तिथे कशाला आहे."

"तुला कुणी बघणार नाही," मी म्हणालो. माझ्या पोटातलं एवढंच होतं आणि ते बाहेर पडलं. "अंधारात बसशील जन्मभर. टाळ्या दुसऱ्याला."

तिने स्टेअरिंगवर बोटं वाजवली.

"तुमचे विद्यार्थी पास झाले की गाडीपाशी उभे राहून फोटो काढतात. बायको, मुलं, हार, सगळे असतात. त्यात तुम्ही कुठे असता?"

"मी फोटो काढत असतो."

"वाईट वाटतं?"

मी खरोखर विचार केला. मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट जो माणूस चौकात पुतळा व्हायचा तो एकटा गाडी घेऊन जाताना दिसला की मला दिवसभर बरं वाटतं, आणि त्याने मला हात केला नाही तर जास्तच बरं वाटतं, कारण त्याचं लक्ष रस्त्यावर आहे. पण हे सगळं मला बोलायला जमलं नाही. मी पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरलो.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

मी मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसलो. म्हटलं, चल, ऑफिस बंद होईल.

गाडी घेतल्यापासून मी मागच्या सीटवर पहिल्यांदा बसत होतो. तिथे कुणाचा तरी रुमाल होता, एक तुटका कंगवा होता आणि पाय ठेवायला जागा फार कमी होती. मागच्या सीटला ब्रेक नसतो हे मला माहीत होतं, पण माझ्या पायाला माहीत नव्हतं. पहिल्या वळणाला त्याने पायपुसणं दाबलं. दुसऱ्या वळणाला पायपुसणं सरकून पुढच्या सीटखाली गेलं. टकळीने आरशात पाहिलं आणि हसू दाबलं. ती छान चालवत होती. माझ्यापेक्षा छान, आणि हे मी बायकोसमोर कबूल करणार नाही. कॉलेजच्या दारात तिने एका फटक्यात गाडी रिव्हर्समध्ये घेऊन लावली. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

खिडकीमागच्या कारकुनाने यादीत बघून विचारलं, अभिनय ना? टकळीने उत्तर देण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. मागे मी उभा होतो. मी मान हलवली, मोकळं आहे, जा. आणि मग मला भिंतीवरचं वेळापत्रक फार लक्षपूर्वक वाचावं लागलं, कारण डोळे भरून आले होते आणि कारकुनाला ते दाखवायचं काही कारण नव्हतं.

टकळीच्या वर्षाचं पहिलं नाटक झालं तेव्हा मी दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही नेलं. त्या अजून शिकतायतच. हल्ली वळणावर एकच डोळा मिटतात. एका बाजूला त्या, एका बाजूला बायको, मधे मी. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी नाटकात आहे. पुढचं समजावून सांगायला मला रस्ता पुरायचा नाही.

नाटकात ती उंच मुलगी होती. सुरेख काम करत होती. आणि शेवटच्या अंकात, सगळे श्वास रोखून बसलेले असताना, तिचे डोळे विस्फारले. मी तो चेहरा ओळखला. आजूबाजूच्या कुणालाही काही कळलं नव्हतं, त्यांना वाटलं दुःखाने तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीयेत. माझा पाय जमिनीत रुतला. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुजबुजली, पाय उचला, तिथे ती आहे.

मी पाय उचलला. उंच मुलीने विंगेकडे किंचित मान वळवली, दम घेतला आणि वाक्य म्हटलं. शेवटचं वाक्य संपलं, ती दाराशी जाऊन थांबली, आणि जिथे मला वाटत होतं की आता, बरोब्बर तिथे दिवे मावळले. एक क्षण मिट्ट काळोख, कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

दिवे लागले. सगळी मुलं ओळीने उभी राहून वाकू लागली. डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत एकेक चेहरा न्याहाळत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सर, यात तुमची मुलगी कुठली?"

"आत्ता अंधार झाला ना," मी म्हणालो, "ती."